चाखायचा चमचा

विटांचा ट्रक आला तेव्हा आक्का पहाटेच्या प्रार्थनेला बसली होती. पुढच्या अंगणात विटा धडाधड उतरत राहिल्या, पण तिने डोळे उघडले नाहीत. प्रार्थना अर्ध्यावर सोडायची नाही हा नेम आईकडून आलेला, आणि आईचा नेम विटांनी मोडण्याइतका कच्चा नव्हता. शेवटच्या मागण्यात मात्र तिने आज एक भर घातली. देवा, मी पोराला शब्द दिलाय, तो पाळायचं बळ दे; आणि जमलंच तर तो पाळायची वेळ आणू नकोस. मग तिला आपलंच हसू आलं. देवाशी घासाघीस करायची तिची खोड जुनी होती, आणि तोही बिचारा ऐकून घ्यायचा.

शब्द दिला होता तो भाच्याला. भाऊचा हा मुलगा खानावळीचा सगळा व्यवहार बघायचा, म्हणून घरात त्याला मॅनेजर म्हणत. परवा जेवणं झाल्यावर त्याने विषय काढला. स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घालायची. दोन दरवाजे, दोन पाट्या, तिकडची खानावळ भाऊची, इकडची आक्काची. हल्ली गिऱ्हाईक फोनवर आधी विचारतं, स्वयंपाक कुणाच्या हातचा, वरच्या आळीच्या की खालच्या. दोघांच्या, असं सांगितलं की फोन ठेवून देतं. आक्काची मुलगी पावाची भट्टी सांभाळायची आणि सगळ्यांना धाकात ठेवायची, म्हणून तिला फौजदार म्हणत. तीही मॅनेजरच्याच बाजूने बोलली. भाऊ नुसता ताटातला शेवटचा घास चिवडत बसला.

"आत्या, तुम्ही दोघं आहात तोवर ठीक आहे," मॅनेजर म्हणाला होता. "तुमच्यामागे कुणी बाहेरचा येऊन ही चूल फोडेल. त्यापेक्षा भिंत आपल्या हातची असलेली बरी."

पोराच्या बोलण्यात स्वार्थ नव्हता, भीती होती. म्हणूनच आक्काला त्याच्यावर रागावता आलं नाही. नगरपालिकेचं जेवण तेवढं होऊन जाऊ दे, ती म्हणाली. दोन पातेल्यांतून दोन्हीकडची माणसं नीट जेवली, तर सोमवारी खुशाल गवंडी बोलाव. मी चकार शब्द काढणार नाही.

आणि ते जेवण आज होतं.

बाबा वरच्या आळीचे, आई खालच्या आळीची. दोघांची प्रार्थनाघरं वेगळी, देवाला हाक मारायचे शब्द वेगळे. लग्न झालं तरी दोघांपैकी कुणी आपला धर्म सोडला नाही. मुलगे बापाच्या वाटेने जातील, मुली आईच्या, एवढं ठरवून त्यांनी नगरपालिकेच्या समोर ही खानावळ काढली. त्या हिशेबाने भाऊ वरच्या प्रार्थनाघरात जायचा आणि आक्का खालच्या. दोघांच्याही धर्मात उपवास होते, पण कधी एका दिवशी येत नसत, आणि त्यातूनच घराची एक रीत पडली होती. उपवास करणाऱ्याने संध्याकाळचं जेवण रांधायचं, पण त्याला चाखता येत नाही. म्हणून त्याच्या पातेल्यात मीठ दुसऱ्याने घालायचं आणि चाखायचंही दुसऱ्यानेच. भाऊचा उपवास असला की आक्का, आक्काचा असला की भाऊ. चुलीवरच्या भिंतीत आईने दोन खिळे ठोकले होते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि चाखायचा एकच लांब दांड्याचा चमचा. ज्याचा उपवास नसेल त्याच्या खिळ्यावर त्या दिवशी चमचा लटके.

यंदा दोन्ही दिनदर्शिका फिरत फिरत एकाच तारखेवर आल्या. नगराध्यक्षबाईंच्या मनात आलं, सगळं गाव उपाशी आहे तर उपवास सभागृहातच एकत्र सुटू दे. बाईंचा बेत चांगला होता, पण अटी दोन्हीकडून आल्या. एका प्रार्थनाघराची समिती म्हणाली हे चालत नाही, दुसरी म्हणाली ते चालत नाही. दोघींचं न चालणारं सगळं वजा केल्यावर मसूर, गाजर आणि बटाटे यांचं सूप उरलं, आणि जोडीला पाव आणि फळं. मग दोघींनीही बजावलं, की सूप एकच असलं तरी पातेली वेगळी हवीत.

* * *

दुपारी स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती आणि बोलायला कुणाच्या तोंडात ओलावा नव्हता, तरी बोलणं थांबलं नव्हतं. मॅनेजरची बायको, घरची सूनबाई, गाजरं चिरता चिरता सगळ्यांचं ऐकत होती. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची. पन्नास मुलं एकदम बोलत असताना नेमकं कोण चिमटे काढतंय हे ओळखायची कला तिला इथे रोज उपयोगी पडायची.

आज चिमटे काढत होता भाऊ. त्याच्या उपवासाची सुटका सूर्य मावळताच व्हायची. आक्काच्या लोकांना पहिला तारा दिसेपर्यंत थांबावं लागे. भाऊ लहानपणापासून तिला त्यावरून छळत आला होता. तुमचा देव जरा उशिरा उठतो, असं तो म्हणायचा. आक्का म्हणायची, आमचा देव धीर बघतो, तुमचा भूक बघतो. हा संवाद सूनबाईने लग्न झाल्यापासून दर वर्षी ऐकला होता, आणि दर वर्षी दोघं तो नवा असल्यासारखा हसून साजरा करत.

पण या हसण्याच्या मध्येच भाऊचं लक्ष भिंतीकडे गेलं. दोन्ही खिळे रिकामे होते. चमचा ओट्यावर पालथा पडला होता.

"आज हा कुठे लावायचा?" त्याने विचारलं.

 आज घरात सगळ्यांचाच उपवास, चाखायला कुणीच नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं; पण रिकाम्या खिळ्यांकडे बघून ते पहिल्यांदा मनात उतरलं.

मॅनेजरने तोडगा आधीच काढून ठेवला होता. त्याने वजनकाटा आणला होता. मिठाच्या दोन सारख्या पुड्या बांधून त्याने ओट्यावर ठेवल्या, एक या पातेल्याची, एक त्या पातेल्याची. प्रमाण एकदा बसवलं की जिभेची गरजच नाही, तो म्हणाला. फौजदार भट्टीवरून ओरडली, की असं असेल तर माणसाला तोंड तरी कशाला दिलंय देवाने. त्यावर मॅनेजर म्हणाला, तुझ्या बाबतीत मलाही हाच प्रश्न पडतो. फौजदारने पिठाचा हात त्याच्या शर्टावर उमटवला. एरवी दोघं भिंतीबाबत एकमताचे. पण भिंत होईपर्यंत भांडायला त्यांना बराच वेळ होता.

सूनबाईने भाऊच्या पातेल्यातलं सूप ढवळलं, एक पुडी उलगडून त्यात मीठ घातलं आणि झाकण ठेवलं. मग नगरपालिकेचा शिपाई टेबलं कशी मांडायची ते विचारायला आला, म्हणून ती समोर सभागृहात गेली.

तिथे नगरपालिकेचे वकील खिडकीपाशी उभे होते. ते कुठलाच देव मानत नसत, आणि हे जेवण सभागृहात होऊ नये म्हणून बैठकीत भांडले होते. सरकारी छपराखाली देव आणला की उद्या कुणाचा देव मोठा यावर मतदान होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना पाठिंबा मिळाला तो आक्काचा, हे गावात अजून कुणाला पचलं नव्हतं. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या जागी करून यावी, सभागृहात फक्त जेवावं, असं तिने भर बैठकीत सांगितलं होतं. माझ्या देवाला नगरपालिकेची परवानगी लागत नाही, आणि ती मागायला मी त्याला रांगेत उभा करणार नाही, एवढं म्हणून ती खाली बसली होती. तेव्हापासून आक्का रस्त्यात दिसली की वकील टोपी काढत.

सूनबाई परत आली तेव्हा दुसरी पुडीही ओट्यावर मोकळी पडली होती. फौजदारने घातलं असणार, तिला वाटलं. फौजदारने भट्टीतून मान वर करून रिकामा कागद पाहिला आणि तिला वाटलं, सूनबाईने घातलं. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. दोन्ही झाकणं बंद होती. आक्का कोपऱ्यात स्टुलावर बसून ओठातल्या ओठात नाम घेत होती, जशी रोज या वेळी घेते.

* * *

वरच्या आळीतून सूर्यास्ताची घंटा झाली. अंगणात विटांच्या ढिगाला टेकून मॅनेजरने वडिलांसोबत पाण्याचे घोट घेतले. दिवसभराचं कोरडं तोंड भिजलं की माणसाला सगळं जग माफ करावंसं वाटतं. मॅनेजरलाही तसं वाटत होतं. सगळं वेळेवर झालं होतं; दोन्ही पातेली पलीकडे न्यायला अंगणात आणून ठेवली होती. समोर सभागृहात माणसं बसायला लागली होती. अर्ध्यांच्या हातात पाण्याचे पेले होते, उरलेले अर्धे ताऱ्याची वाट बघत होते.

भाऊने चमचा हातात घेतला. "माझा तर सुटला," तो म्हणाला. "आता आक्काच्या पातेल्यात जीभ घालायला मी मोकळा."

वडिलांना ते सुचलं याचा मॅनेजरला थोडा हेवाही वाटला. सूर्य आणि तारा यांच्या मधल्या या फटीत भाऊ चाखू शकत होता, हे वजनकाट्याच्या नादात त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चाखून काय होणार, प्रमाण बरोबर आहे, असं तो म्हणेपर्यंत भाऊने आक्काच्या पातेल्यातला घोट घेतलाही होता.

भाऊचा चेहरा निर्विकार राहिला. त्याने आणखी एक घोट घेतला. मग चमचा धुऊन तो आपल्या पातेल्याकडे गेला, चाखलं, आणि डोळे गच्च मिटून उभा राहिला.

"एकात मीठ नाही," तो म्हणाला, "आणि दुसऱ्यात समुद्र आहे."

सूनबाई म्हणाली मी एकच पुडी घातली. फौजदार म्हणाली मी एकही नाही. मग सगळे हळूहळू आक्काकडे वळले. आक्का आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो हात शेजारच्या घरातून आला होता.

"मीच घातलं," ती म्हणाली. "पुडी दिसली, उचलली. भाऊचा उपवास आहे एवढंच मनात होतं. हात आपला त्याच्या पातेल्यात गेला."

 खारट झालेल्या सुपावर काय उपाय करायचा हे मॅनेजरला सुचत नव्हतं. पाणी घालून पुन्हा उकळी आणायला वेळ नव्हता. आळणी पातेल्यात मीठ घालून ते आक्काच्या लोकांना वाढता आलं असतं. पण त्याच्या स्वतःच्या आळीला पाव आणि फळांवर उठावं लागलं असतं, आणि उद्या गावभर झालं असतं की एका बाजूला जेवण मिळालं आणि दुसरीच्या तोंडाला पानं पुसली. तो हे बोलून दाखवत असतानाच फौजदारने आईसमोर येऊन कमरेवर हात ठेवले.

"आई, खरं सांग. मुद्दाम केलंस?"

 तो विचार मॅनेजरच्याही मनात येऊन गेला होता. फौजदारने तो फक्त बाहेर काढला. दोन पातेल्यांचं जेवण बिघडलं तर भिंत टळणार होती, आणि भिंत टळावी असं कुणाला वाटत होतं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आक्का रागावली नाही. ती मुलीशी बोललीच नाही. तिने भाच्याकडे बघितलं, कारण शब्द त्याला दिला होता.

"मी उपाशी आहे बाळा," ती म्हणाली. "उपवासात मी खोटं बोलत नाही, आणि करतही नाही. मी विसरले. एवढंच."

मॅनेजरला लहानपण आठवलं. घरात काही फुटलं तर आई विचारायची कुणी फोडलं, आणि सगळे दुसऱ्याचं नाव घेत. आत्या मात्र विचारण्याआधीच सांगायची, माझ्या हातून. दर उपवासाला याच हाताने त्याच्या वडिलांच्या पातेल्यात मीठ घातलं होतं. तो हात आज दुसरीकडे गेला असता तर नवल. पुराव्याची त्याला गरज वाटली नाही, आणि हे जाणवून त्याचं त्यालाच हलकं वाटलं.

"विसरलीस, बस्स," तो म्हणाला. मग फौजदारकडे वळून म्हणाला, "विषय संपला."

फौजदारने आईच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि भट्टीकडे गेली. तिची माफी मागायची पद्धत हीच होती.

तेव्हा सूनबाई बोलली.  शाळेत गणित सुटत नसलं की ती आकडे दुसऱ्या बाजूने मांडायची.

"एकात मीठ नाही आणि एकात दुप्पट आहे. दोन्ही एकत्र केली तर?"

भाऊ हसायला लागला, आणि त्याचं हसू इतकं पोटातून आलं की त्याला विटांचा आधार घ्यावा लागला. मॅनेजरने डोक्याला हात लावला, कारण गणित अचूक होतं, आणि ते त्याच्याच काट्याने जुळवलं होतं.

एवढं सूप मावेल असं भांडं घरात एकच होतं, आक्काच्या आईचं थोरलं पातेलं. बूड गोल असल्याने ते गॅसच्या शेगडीवर उभंच राहत नसे. कित्येक वर्षं त्यात पीठ भरलेलं होतं. फौजदारने पीठ पोत्यात ओतलं, सूनबाईने पातेलं घासलं. ते अंगणात आणून ठेवलं तर कलंडायला लागलं. मॅनेजरने एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा विटांकडे. मग खाली बसून त्याने विटा मांडायला सुरुवात केली, तीन बाजूंनी थर देऊन आणि पुढे तोंड ठेवून. फौजदारने भट्टीतले निखारे फावड्याने आणून आत सारले. दोन्ही पातेली रिती झाली तेव्हा थोरलं पातेलं गळ्यापर्यंत भरलं होतं, आणि मॅनेजरचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

भाऊने चाखलं. मान डोलावली. चमचा पुन्हा बुडवला.

"चाखतोयस की जेवतोयस?" आक्काने विचारलं.

* * *

आता कुणाला सांगायचं नाही, असं मॅनेजर म्हणत होता. सूप तेच, मसूर तेच. ताटात गेल्यावर कोण विचारतो. भाऊलाही ते पटलं होतं, आणि तो तसं म्हणणार इतक्यात आक्का रस्ता ओलांडायला निघालीसुद्धा. भाऊ तिच्यामागे धावला.

"उपवास सोडणाऱ्याच्या ताटात न सांगितलेलं काही नको," ती चालता चालता म्हणाली. "खाऊ नका म्हणतील तर म्हणू देत."

भाऊला आठवत होतं तेव्हापासून ती अशीच होती. आवाज चढवायची नाही, आणि मागेही हटायची नाही. ती सभागृहात शिरली. माणसं आपापल्या आळीप्रमाणे दोन बाजूंना बसली होती, मध्ये चालायला वाट होती. त्या वाटेत उभं राहून तिने झालेलं सगळं सांगितलं. आपला हात चुकला, आता एकच पातेलं आहे, ज्याला नको असेल त्याच्यासाठी पाव आणि फळं आहेत आणि राग नाही. नगराध्यक्षबाई खुर्चीच्या कडेवर आल्या. दोन्ही समित्यांचे सचिव एकाच वेळी उठले, आणि एकमेकांशी सहमत झाल्याचं बघून दोघंही गोंधळले.

खालच्या प्रार्थनाघराचे धर्मगुरू वयाने फार थकलेले होते. आक्का त्यांच्यासमोर वाकली आणि हळूच म्हणाली, की पातेलं एक असू नये असं आपल्या धर्मात कुठे सांगितलंय ते मला दाखवा, मी आत्ता परत नेते. धर्मगुरूंनी बराच विचार केला. त्यांनी मधली वाट ओलांडून वरच्या प्रार्थनाघराच्या धर्मगुरूंकडे बघितलं. ते वयाने बरेच तरुण होते, आणि मघापासून रुमालात तोंड लपवून हसत होते.

"तुमच्यात कुठे आहे का?" थकलेल्या धर्मगुरूंनी विचारलं.

"मला तरी सापडलेलं नाही," तरुण म्हणाले. "समितीला विचारून बघा."

एका बाजूला हशा पिकला आणि दुसरीकडे पसरला. सगळेच हसले नाहीत. वरच्या आळीच्या एका रांगेने पाव आणि फळंच घेतली, आणि खालच्या आळीचे एक गृहस्थ टोपी घालून घरी गेले. आक्काने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि घरच्यांसाठी पाव बांधून दिला. तेवढ्यात वकील पुढे आले आणि म्हणाले, की दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल अशी निःपक्षपाती जीभ या सभागृहात एकच आहे. सूनबाईने आणलेल्या सुपाच्या पहिल्या बादलीत बुडवून भाऊने चमचा त्यांच्या हातात दिला. वकिलांनी एक घोट घेतला, डोळे मिटून तोंडात फिरवला, आणि निकाल राखून ठेवतो म्हणून आणखी एक वाटी मागितली.

ताटं वाढली गेली. भाऊच्या लोकांना आता जेवायला हरकत नव्हती; त्यांचा सूर्य कधीच मावळला होता. उलट उपवास सोडायला उशीर करू नये, असं त्यांच्यात सांगितलेलं. पण त्यांनी पाण्याने तो सोडला होता, आणि समोरच्या बाजूला माणसं भरलेल्या वाट्यांवर हात बांधून बसलेली. भाऊने जेवायचा चमचा खाली ठेवला. त्याच्या शेजाऱ्याने ठेवला. मग कुणीच काही न ठरवता ती अख्खी बाजू थांबली.

आणि तारा काही दिसेना. पश्चिमेला ढगांची एक चादर अंथरलेली होती. खालच्या आळीचे लोक खिडक्यांपाशी गेले. वरच्या आळीचे त्यांच्यामागून गेले. ज्यांनी आयुष्यात कधी तारा शोधला नव्हता ते आता माना उंच करून दुसऱ्यांचा तारा शोधत होते, आणि विमानाचे दिवे दाखवून ओशाळत होते. नगराध्यक्षबाई टाचा उंचावून उभ्या होत्या. वकील म्हणाले, ढगाविरुद्ध अर्ज करता येत नाही, नाहीतर मी केला असता.

* * *

आक्का सभागृहाच्या पायरीवर एकटी बसली. खिडकीत जाऊन तिला उपयोग नव्हता. तिच्या डोळ्यांना अलीकडे रस्त्यापलीकडचं माणूस ओळखू येत नसे, तारा कुठला दिसायला. नियमात त्याची सोय होती. स्वतःला दिसत नसेल तर ज्याच्यावर विश्वास आहे त्याचा शब्द घ्यावा. दर वेळी फौजदार सांगायची; आज ती आत वाढायला होती. आक्काला भूक नव्हती. पोटात कसलंतरी उबदार ओझं होतं, आणि ते प्रार्थनेतूनच आलंय हे तिला कळत होतं. शब्द पाळायची वेळ आली नाही, म्हणून मी आभार मानले तर तू चिडणार तर नाहीस, असं ती देवाला विचारत होती.

अंगणातून मॅनेजर आला. निखारे सारखे करायला तो मागे थांबला होता. काळे हात अंगापासून लांब धरून तो पायरीशी उभा राहिला आणि सभागृहाच्या छपरावरून मागे, उलट्या दिशेला बघायला लागला. सगळं गाव पश्चिमेच्या खिडक्यांत होतं, आणि पूर्वेचं आकाश लख्ख होतं.

"आत्या," तो म्हणाला, "तो बघ. पाण्याच्या टाकीच्या जरा वर. एकटाच आहे."

आक्काने त्याच्या काळ्या बोटाच्या दिशेने पाहिलं. तिला अंधार दिसला, आणि त्या अंधारात टाकीची एक पुसट रेघ.

"नक्की तारा आहे?"

"नक्की. हलत नाही."

आतून एक सचिव डोकावले होते. त्यांनी दबक्या आवाजात आठवण करून दिली, की साक्ष आपल्यातल्याच माणसाची असावी असा प्रघात आहे. आक्काने मान वळवली नाही.

"हा आपल्यातलाच आहे," ती म्हणाली. मग भाच्याला म्हणाली, "तुला दिसला ना? म्हणजे मला दिसला."

तिने दोन्ही हात जोडून आपले शब्द म्हटले, नेहमीइतकेच, सावकाश. मॅनेजर तोवर मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने आत जाऊन सांगितलं आणि सभागृहाच्या सगळ्या खिडक्या एकदम रिकाम्या झाल्या. खुर्च्या ओढल्याचा, वाट्यांचा, बोलण्याचा एकच कल्लोळ उठला. भाऊ हातात वाटी घेऊन बाहेर आला. त्याने ती आक्काच्या ओंजळीत दिली आणि स्वतः तिच्याशेजारी पायरीवर बसला. तिने पहिला घोट घेतला.

"मीठ?" भाऊने विचारलं.

"तू चाखलंयस ना," ती म्हणाली. "मग मला काय विचारतोस."

मॅनेजर दोघांच्या पायाशी खालच्या पायरीवर टेकला. फौजदारने त्याच्यासाठी वाटी पाठवली होती; हात काळे म्हणून त्याला ती धरता येईना, तर सूनबाईने येऊन ती त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि त्याच्या शर्टावरचा पिठाचा पंजा बघून हसत परत गेली. रस्त्यापलीकडे अंगणात निखारे अजून लाल होते, आणि विटांच्या आतल्या कडा त्यांच्या उजेडात दिसत होत्या.

"विटांचं काय करायचं रे?" आक्काने विचारलं.

मॅनेजर तिकडे बघत राहिला.

"तापल्यात आत्या," तो म्हणाला. "निवायला वेळ लागेल."

"लागू दे," आक्का म्हणाली, आणि तिने आपल्या वाटीतला पाव मोडून अर्धा त्याच्या तोंडात घातला.